थरथर

2019 च्या मार्चमध्ये यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं आणि आमचा आठवडा मंगळवार, गुरुवार, शनिवार असा वाटला गेला. प्रत्येक वेळी चार तास डायलिसिस. मी शेजारच्या खुर्चीवर बायबल उघडून बसायचे, पण पान उलटायचंच नाही. नगरच्या ख्रिस्ती घरात वाढलेली मी, संडेस्कूलच्या मुलांना प्रार्थना शिकवणारी. त्या दिवसांत मात्र ‘हे प्रभू’ म्हटलं की पुढे घसा आवळून यायचा.

सासूबाईंच्या ते लक्षात आलं. त्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये लहानाच्या मोठ्या झालेल्या. एका रात्री भांडी आवरताना म्हणाल्या, “देवावर रागावलीस का गं?”

खोटं बोलवेना. “हो, आई.”

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी हात पुसले, स्तोत्रसंहिता काढली आणि 88 वं स्तोत्र पुढे ठेवलं. “मोठ्यानं वाच.”

अठरा ओव्या. दुःखाची बाकीची स्तोत्रं शेवटाकडे येताना बहुतेक भरवशाकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. इतकी वर्षं बायबल वाचत होते, पण इथे कधी थांबले नव्हते. वाचता वाचता रडू फुटलं, आणि कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. आई एवढंच म्हणाल्या, “स्तोत्र लिहिणाऱ्यानं गाऱ्हाणं घातलं, पण घातलं देवाकडेच. तूही घाल.”

मग मुक्ती मिशन उभारणाऱ्या रमाबाईंचं बोलणं निघालं. मुक्तीत वाढलेल्या माणसाच्या बोलण्यात ते निघतंच. पंडिता रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा 1921 मध्ये गेली. बाई स्वतः थकलेल्या. तरी हिब्रू नि ग्रीकवरून मराठी बायबल करण्याचं काम त्यांनी खाली ठेवलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, बायबल छापून निघालं 1924 मध्ये. हे अंधारातलं स्तोत्रही त्यांच्याच हाताखालून गेलेलं, या विचारानं मला फार आधार दिला. आजही देतो.

त्या रात्रीपासून मी गाऱ्हाणीच घातली. जे मला मागता येत नव्हतं ते मंडळीतल्या बायका बुधवारी घरी येऊन माझ्या वाटचं मागायच्या. एकीनं बटाट्याची भाजी आणली होती. फोडी उकळून, पाणी ओतून देऊन केलेली, कारण यांना पोटॅशियम चालत नाही. डब्यावर चिठ्ठी होती, ‘मीठ नाममात्र’. तिनं हे कुणाला विचारलं असेल कोण जाणे. मला तर ती भाजीसुद्धा प्रार्थनाच वाटली.

मध्यंतरी यांच्या हातातला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून केलेली वाट, बंद पडला, रक्ताची गाठ धरली. दुसरा करावा लागला. तो चालू आहे का, हे रोज हातानं तपासायचं असतं. म्हणून सकाळी अर्धा कप चहा देण्याआधी मी यांच्या मनगटाच्या वर दोन बोटं ठेवते. मांजर गुरगुरावं तशी थरथर कातडीखाली लागते. लागेपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो.

“आहे ना?” हे विचारतात.

“आहे. प्रभू, आहे.”