वेदीपाशी ठेवलेलं अर्पण

मत्तयच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, येशू सांगतो की अर्पण घेऊन वेदीपाशी आल्यावर भावाचं आपल्याशी बिनसलंय हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवावं आणि आधी समेट करावा. या सांगण्याचा शेवट आपण विसरतो: मग परत येऊन अर्पण वाहावं. विधी इथं मोडीत निघत नाही, नुसता थांबतो. आमोस संदेष्ट्याचा संतापही मला याच जातीचा वाटतो. सण, होम, गाणी यांच्या रीतीत त्याला चूक दिसली नव्हती. गरिबाला तुडवून हे सगळं थाटात चालू होतं, हे त्याला असह्य झालं. उपासना पोकळ आहे का, हे म्हणूनच मंदिराबाहेर कळतं.

मग ठरीव प्रार्थना हवी कशाला, असं कोणी विचारेल. पण सहाव्या अध्यायात व्यर्थ बडबडीपासून सावध करून लगेच येशूने शिष्यांना प्रार्थनेचे शब्दच दिले, आणि त्यांत क्षमेची गाठ मारली. शोकाने सुन्न झालेल्या माणसाला स्वतःचे शब्द सुचत नाहीत. पाठ असलेलेच त्याला सावरतात. त्याला दांभिक म्हणवत नाही. उपासनेच्या भाषेचंही तसंच: ती आपली असली की आधार देते. कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंग-कीर्तनात आणली. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कॅथलिक मिस्सेला लोकभाषेचं दार उघडलं. हे ऋण फार मोठं आहे. तरी मायबोलीतले शब्दही सवयीने गुळगुळीत होतात, आणि रुसलेला भाऊ अजून वाट पाहत असतो.