काटे असू द्या

करडईला काटे हवेत कशाला, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. पारावर, लग्नाच्या पंगतीत, कृषी मेळाव्यात, कुणी विचारो न विचारो. आता म्हणत नाही. मत का फिरलं ते सांगतो.

आधीचं मत काही हवेतलं नव्हतं. उत्तर सोलापूरच्या काळ्या रानात रब्बी ज्वारीच्या कडेनं करडईचे चार तास पेरायची जुनी रीत आहे. फुलावर आली की बांध पिवळाधमक होतो; शेवंती, झेंडू, सूर्यफूल यांच्याच कुळातली ती. पण काढणी? पहाटे, दव आहे तोवर, कारण तेव्हा काटा जरा नरम असतो. हातापायांना फडकी गुंडाळायची आणि ऊन चढायच्या आत काम उरकायचं. मजूर तोंडावर सांगायचे, ‘ज्वारी काढतो, करडईचं नाव काढू नका.’ हे पीक मागं पडलं त्याचं सगळं खापर मी काट्यावर फोडत होतो. 1982 साली सोलापूरच्या संशोधन केंद्राचा ‘भीमा’ आला, कोरडवाहू रानात नावाजला, पण तोही काटेरीच. पुढं फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं ‘नारी-6’ हा बिनकाट्याचा वाण काढला, तेव्हा मला वाटलं, मिटला प्रश्न.

माझं रान नान्नजच्या माळाकडं. तिथं माळढोकासाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं. माळढोक आता दिसणं दुर्मीळ. काळवीट मात्र कळपानं दिसतात. बिनकाट्याची करडई त्यांना फार आवडली. शेंडे खाल्ले, कळ्या खाल्ल्या, उरलं ते तुडवलं. शेजाऱ्याच्या बांधावरची काटेरी करडई जशीच्या तशी उभी, आणि तिच्या आतली ज्वारीही. आमचे आजे-पणजे करडई मधे न पेरता कडेनं का पेरायचे, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. पण ढोरं-शेरडं राखायला पोरं होती तेव्हाची ती गोष्ट, असं समजून सोडून दिलेलं. तारेच्या कुंपणाचा खर्च काढून बघा, मग त्या चार तासांची किंमत कळते.

तरी काढणीचा मुद्दा होताच, आणि तो खरा होता. तो सोडवला गव्हाच्या हार्वेस्टरनं. हेच यंत्र करडईतही चालतं. कापणी-मळणी एका फेरीत. माणसाचा हात झाडाला लागतच नाही, मग काटा टोचणार कुणाला? राहता राहिला प्रश्न पीक मागं पडण्याचा. उजनीचं पाणी पोचलं तिथं ऊस आला, नाही पोचलं तिथं हरभऱ्यानं जागा घेतली, आणि बाजार बाहेरून आलेल्या स्वस्त तेलानं भरला. यात काट्याचा वाटा असलाच तर थोडा.

पेरणार असाल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरा, फार तर ऑक्टोबरची सुरुवात. उशीर झाला की मावा हमखास. हेक्टरी दहा किलो बी पुरतं. दोन ओळींत 45 सेंटिमीटर, दोन रोपांत 20. उगवल्यावर दहा-बारा दिवसांनी विरळणी करा आणि उपटलेली रोपं घरी न्या. लसणाच्या फोडणीतली ती कोवळी भाजी आणि कडक भाकरी, यासाठी मी विरळणीची वाट बघतो. पाण्याचा सोस नको. मूळ खोल जातं आणि खालची ओल ओढून घेतं. भारी रानात पाणी तुंबलं तर मूळकूज आणि मर. फुलावर यायच्या सुमारास एखादं हलकं पाणी देता आलं तर द्यावं, नाहीतर पीक त्याविनाही येतं.

काट्याची बाजू घेतली म्हणून त्याची उणी बाजू लपवत नाही. पहिला महिनाभर रोप जमिनीलगत पानं पसरून बसतं, तेव्हा काटेरी वाणालाही काटा नसतो. तेवढे दिवस राखण करावीच लागते. काळविटांना हे माझ्याआधी ठाऊक होतं.

बिनकाट्याची करडई अगदीच सोडली नाही. पाकळ्या वेचायच्या तर तीच बरी. उमलताना पिवळ्या असतात, सुकताना तांबूस होतात, त्यांचा चहा होतो. आमच्या सौभाग्यवतींना काटेरी बोंडात हात घालायला सांगण्याची माझी छाती नाही, म्हणून घरामागं नारी-6 चे दोन तास असतात. त्यांचं बी मात्र धरत नाही, दर वर्षी नवं आणतो. मधमाश्या बांधावरचा पराग इकडं आणतात, आणि काटेरी-बिनकाटेरीचा संकर झाला की पुढच्या पिढीत काटेरीपणाच वरचढ ठरतो.