खंडोबाचं घोडं

१९९७च्या दिवाळीनंतर थळच्या आमच्या घरात समुद्रघोडा आला. खांदेरीच्या बाजूला लावलेली डोल ओढून बोंबील-जवळा होडीत उपसताना शेजारच्या नाखव्याला तो दिसला, जाळ्याच्या दोऱ्याला शेपटीचा विळखा घालून बसलेला. एरवी असली चीज वाळवून कुणाला तरी विकली जायची. पण माझ्या धाकट्या काकाकडे काचेची पेटी आहे हे गावभर माहीत होतं, म्हणून तो बोटभर लांबीचा जीव बालदीतून थेट आमच्या पडवीत पोचला. आजीने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "खंडोबाचं घोडं आलं की!" तेच नाव पडलं.

घोडं काही खाईना. काकाने ताज्या कोळंबीचा कीस टाकला, सुका जवळा भिजवून टाकला. सरड्यासारखे स्वतंत्र फिरणारे त्याचे डोळे. एक त्या कणावर, दुसरा भिंतीवर. जे हलत नाही ते अन्नच नाही, असा त्याचा हिशेब. आजी भडकली. "आमी सुका जवला खाऊन जल्म काढला आनि याला जिता पायजे! जावई लागून गेला काय?"

लाड मात्र जावयाचेच करावे लागले. समुद्रघोड्याला दात नाहीत आणि जठरही नाही. नळीसारख्या तोंडातून गिळलेलं अन्न आतड्यातून भराभर पुढे सरकतं, साठवण अशी होतच नाही. एकदाच पोटभर घालून भागत नाही, थोडं थोडं सारखं लागतं. शिवाय पोहण्यात हा गडी कच्चा. पाठीवरचा इवलासा पर फडफडवत सरकायचं तेवढंच. पाठलाग वगैरे नाही, भक्ष्यानेच तोंडाशी यायचं.

मग घराचं वेळापत्रक तिथीवर गेलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोकणात पोरासोरांनाही ठाऊक असतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यावरून ओहोटी काढायची आणि जुन्या मच्छरदाणीची झोळी घेऊन मी नि काका गावामागच्या खाडीच्या बांधातल्या उघाडीपाशी, तिवरांच्या मुळांत. डोलीतला जवळा उपयोगाचा नव्हता, तो होडीत येईपर्यंत चेंगरून मेलेला असे. उघाडीपाशी मिळणारा बारका जवळा आणि कोळंबीची पिल्लं जगत, तीही बालदीत दाटी केली नाही तरच. मोठा जवळा घोड्याच्या नळीत मावत नसे, म्हणून आजीची पिठाची चाळणी लागायची. खाली पडेल ते घोड्याचं, वर राहील ते आमच्या भाकरीबरोबर. वाटणी आजीला मान्य होती, चाळणी मान्य नव्हती.

तो वाद मिटला एका बाळंतपणाने. घोडं येतानाच पोटुशी होतं आणि ते नर होतं. मादी नराच्या पोटावरच्या पिशवीत अंडी घालून मोकळी होते. पुढचं सगळं त्याच्याकडे. एका पहाटे तो अंग आखडून मागेपुढे झुलत होता आणि दर हिसक्याला पिशवीतून तांदळाच्या कण्यांएवढी पिल्लं उडत होती, शेकड्यांनी, प्रत्येक जन्मतःच पुरा घोडा. आजी पदर तोंडाला लावून बघत राहिली. त्या दिवसापासून चाळणी घोड्याचीच झाली.

पिल्लांना जवळा कुठला झेपायला! काकाने क्रॉफर्ड मार्केटातून आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या इवल्या जिवाच्या अंड्यांचा डबा आणला. ही तपकिरी भुकटी कोरडी असली की वर्षानुवर्षं टिकते. खाऱ्या पाण्यात घालून हवेचे बुडबुडे सोडले की दीड दिवसात नारिंगी ठिपके वळवळू लागतात. बाटलीला एका अंगाने बॅटरी दाखवायची. ते उजेडाकडे गोळा होतात, टरफलं वर तरंगतात, मधून नळीने ओढून घ्यायचे. पिल्लांनी ते खाल्ले, तरी बरीचशी गेली. त्या वयात त्यांना कोपेपॉड हे समुद्रातले बारीक जीव लागतात. उरलेली काकाने उघाडीपाशी सोडून दिली.

डबा मात्र घोड्याच्या कामी आला, कारण अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाण्याला ओढ नसते, झोळीत काही येत नाही. तेवढ्यासाठी काका यीस्ट घालून आर्टेमिया वाढवायचा. पडवीत पेटी एकच, बरण्या-बाटल्या मात्र कोपराकोपऱ्यात. मला विचाराल तर आम्ही पाळली ती आर्टेमिया. घोडा नुसता पंगतीला बसायचा.

ती पंगत बघण्यासारखी असे. काडीला शेपूट गुंडाळून घोडा उभा. समोरून पारदर्शक जवळा जातोय, दिसतात ते फक्त डोळ्यांचे दोन काळे ठिपके. घोडा हनुवटी छातीकडे नेतो, इतकी सावकाश की हललाय हे कळू नये. मग 'टच्', आणि जवळा नाहीसा. मधलं काही आम्हाला कधीच दिसलं नाही. ताणून धरलेल्या कंडऱ्या सुटतात आणि डोकं वर उसळतं, हे सगळं सेकंदाच्या सहस्रांशाच्या आसपास आटपतं. २०१३ साली टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी खुज्या जातीच्या समुद्रघोड्याचं निरीक्षण केलं. त्याच्या डोक्याचा आकारच असा की नळीच्या टोकापुढचं पाणी ढवळत नाही, त्यामुळे सावध कोपेपॉडलाही चाहूल लागत नाही. संथ पाण्यात दहातले नऊ डाव साधतात. असल्या शिकाऱ्याला मेलेली कोळंबी दाखवली होती आम्ही!

मृग लागला, होड्या वर ओढल्या गेल्या, खाडी गढूळ आणि गोडी झाली. पिंपात साठवलेलं समुद्राचं पाणी आणि आर्टेमिया यांवर घोड्याने दिवस काढले. पण त्याच्या पोटाच्या कडा आत गेल्या, आणि नारळी पौर्णिमेच्या आधी तो गेला.

२००१ साली समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले, वाघाच्या पंक्तीला. आता घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि ते ठीकच झालं.

काकाच्या पेटीत मग गप्पी आले, मलेरियावाल्यांनी विहिरीत सोडायला आणलेल्यांतले. डासांच्या अळ्या, भाकरीचा चुरा, भाताचं शीत, पडेल ते खाणारे. आजी स्वतःच्या हाताने त्यांना घालायची. घोड्याचा विषय निघाला की म्हणायची, "गुनाचं होतं, पन खान्याचे नखरे भारी."