दगड नसलेल्या गावात

तुमच्या घरात चार-सहा वर्षांचं मूल असेल, तर मशीनला कपडे लावण्याआधी खिसे तपासायची सवय तुम्हाला असणारच. आमच्या लेकीच्या खिशातून पिसं निघतात, गुंजा निघतात, एकदा तर जिवंत गोगलगाय निघाली. पण सगळ्यात जास्त निघायचे ते दगड. नाशिकजवळच्या आमच्या गावी गॅलरीतल्या तीन कुंड्या तिच्या दगडांनी भरल्या होत्या.

मग माझी लखनौला बदली झाली. सामान आवरताना तिला सांगितलं, "एकच दगड घ्यायचा." तिनं पुष्कळ विचार करून एक निवडला. काळा, मुठीएवढा, पोटात पांढरे चमकणारे स्फटिक असलेला. बाकीचे आजीकडे ठेवले.

लखनौत आल्यावर पंधरा दिवसांनी तिनं विचारलं, "बाबा, इथे दगड का नाहीत?"

मी हसण्यावारी नेलं. पण तुम्ही लखनौला आलात तर मुद्दाम बघा, पोरगी बरोबर बोलत होती. बागेत, शेतात, गोमतीच्या काठी, कुठेही खाली वाका. हाताला माती लागते, वाळू लागते. रेल्वे रुळाखालची खडी सोडली, तर खिशात टाकावा असा दगड मिळत नाही. ती खडीही बाहेरून आणलेली. आपण सह्याद्रीतली माणसं, पायाखाली कातळ असणारच असं धरून चालतो. इथे हिमालयातून येणाऱ्या नद्यांनी लाखो वर्षं गाळ आणून टाकला आहे. त्या गाळाचा थर शेकडो मीटर जाड आहे. दगड आहे, पण फार फार खाली.

हे मी तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे माझा दगड इथे एकटाच आहे."

तेव्हा मला कळलं, की हा प्रश्न फक्त दगडाचा नाही. शाळेतून निरोप आला होता, की मुलगी वर्गात एक शब्दही बोलत नाही. घरी अखंड बडबडणारं मूल हिंदी वर्गात मुकं होऊन बसत होतं. आम्ही दोघं रोज विचारायचो, "आज कोणाशी बोललीस?" आणि रोज तेच उत्तर, "कोणाशी नाही."

समजावून काही होईना, तेव्हा आम्ही दर रविवारी तिला घेऊन बाहेर पडायचं ठरवलं. लखनौ म्हटलं की आपल्याला नवाब, चिकनचे कुर्ते, कबाब आठवतात. गाण्याची आवड असेल तर पंडित भातखंडे आठवतात, ज्यांच्या प्रयत्नांतून 1926 मध्ये इथलं संगीत महाविद्यालय उभं राहिलं. पण पाच वर्षांच्या मुलीचं बोट धरून फिरलात, तर तुम्हाला वेगळंच लखनौ दिसेल.

मासे मोजा

पहिल्या रविवारी बडा इमामबाडा. तिचा प्रश्न तयारच होता, "दगड नाहीत, तर राजानं एवढं मोठं कशानं बांधलं?" उत्तर भिंतीतच आहे. आसफउद्दौला नवाबानं 1784 मध्ये, दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून, या इमारतीचं बांधकाम सुरू केलं. लाखोरी नावाच्या पातळ विटा आणि चुना. मधला दालनभर लांब घुमट, त्याला एकही खांब नाही. पोपडा उडालेल्या जागी लेकीनं विटेवर बोट ठेवलं. "ही चपटी आहे, बिस्किटासारखी," असं तिचं मत पडलं.

मुलं कंटाळू नयेत म्हणून एक खेळ सांगतो. लखनौच्या जुन्या दरवाजांवर माशांच्या जोड्या कोरलेल्या असतात. ते अवधच्या नवाबांचं चिन्ह. आजही उत्तर प्रदेश सरकारच्या बोधचिन्हात दोन मासे आहेत. मुलांना मासे मोजायला सांगा. आमची लेक मोजता मोजता एका जागी अडकली, तर शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी वाकून तिला विचारलं, "आप क्या ढूँढ रही हैं?"

ती माझ्यामागे लपली. पण रस्ताभर विचारत राहिली, "ते आजोबा मला 'आप' का म्हणाले? मी तर छोटी आहे." इथे लहान मुलांनाही 'आप' म्हणण्याची रीत आहे. एवढ्याशा पोरीला कोणीतरी अहो-जाहो करतं, याचं तिला भारी अप्रूप वाटलं.

घडियालांचं पाळणाघर

पुढच्या वेळी कुकरैलच्या जंगलात गेलो. शहराला लागूनच हे जंगल आहे. तिथे 1978 साली घडियाल पुनर्वसन केंद्र सुरू झालं. घडियाल म्हणजे लांब, चिंचोळ्या तोंडाची, मासे खाणारी मगरीची जात. वयात आलेल्या नराच्या नाकाच्या टोकावर मडक्यासारखा फुगीर गोळा येतो. घडा, म्हणून घडियाल. सत्तरच्या दशकात ही जात नामशेष व्हायला आली होती. म्हणून नदीकाठच्या वाळूतून अंडी गोळा करून इथे उबवायची, पिल्लं काही वर्षं सांभाळायची आणि पुन्हा चंबळ, घाघरा अशा नद्यांत सोडायची, असं काम सुरू झालं.

लेक कठड्याला नाक लावून अर्धा तास उभी होती. घडियाल हलत नाहीत, हे मोठ्यांना कंटाळवाणं वाटतं. मुलांना वाटत नाही. मी दोनदा घड्याळ पाहिलं. ती म्हणाली, "थांबा ना, तो विचार करतोय."

मग प्रश्न आला, "अंडी उचलून आणली, तर त्यांची आई शोधत नसेल का?"

मी जमेल तसं सांगितलं. वाळूतल्या अंड्यांना कोल्ह्या-कुत्र्यांचं भय, पिल्लांना पुराचं भय. त्यातून फार थोडी जगतात. म्हणून माणसं मदत करतात. नदीत जन्मलेल्या पिल्लांची राखण आई करतेच, पण बाबाही करतो. डझनावारी पिल्लं बाबाच्या पाठीवर बसून असतात. हे ऐकून ती लगेच माझ्या खांद्यावर चढली. आणि तिथून, माझ्या डोक्यावर हनुवटी टेकून म्हणाली, "बाबा, मोठी झाल्यावर मलाही परत सोडणार ना? गावी?"

मला पटकन काही बोलता आलं नाही. तुमच्याही घरात बदलीच्या गावात वाढणारं मूल असेल, तर तुम्हाला हे समजेल. आपण नोकरी पाहतो, शाळा पाहतो, घराचं भाडं पाहतो. मुलाचं काय काय मागे राहिलं, ते आपल्या यादीत नसतंच.

दगडात दडलेली पानं

त्यानंतर मी तिला विद्यापीठ रस्त्यावरच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेत नेलं. लखनौ पाहायला येणारे इथे सहसा फिरकत नाहीत, पण निसर्गवेड्या मुलासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. बिरबल साहनी हे जुन्या, दगड झालेल्या वनस्पतींचा अभ्यास करणारे मोठे शास्त्रज्ञ. जन्म 14 नोव्हेंबर 1891, म्हणजे आपल्या बालदिनाच्या तारखेला. त्यांचे वडील रुचीराम साहनी लाहोरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि सुट्टीत मुलांना घेऊन हिमालयात पायी भटकायचे. दगड-पानं गोळा करण्याचा नाद असा घरातूनच लागला. उद्या तुमच्या मुलानं खिसा भरून आणला, तर रागावण्याआधी रुचीरामांची आठवण काढा.

या संस्थेचा पायाचा दगड साहनींनी स्वतः घडवला. त्यात देशोदेशीचे, वेगवेगळ्या युगांतले जीवाश्म बसवलेले आहेत. 3 एप्रिल 1949 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तो बसवला गेला आणि आठवडाभरातच, 10 एप्रिलला, साहनी गेले. त्यांच्या पत्नी सावित्री साहनी यांनी काम पुढे नेलं.

म्हणजे दगड नसलेल्या या गावात दगडांसाठीच एक घर आहे! लेकीचे डोळे मोठे झाले. तिथल्या एका काकांचं लक्ष तिच्या मुठीकडे गेलं. त्यांनी तिच्यासमोर उकिडवं बसून विचारलं, "आप क्या लाई हैं?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात तिनं मूठ उघडली आणि म्हणाली, "पत्थर. मेरे गाँव का."

लखनौत परक्या माणसाशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. काकांनी दगड उन्हाकडे धरून पाहिला. सांगितलं, की हा ज्वालामुखीतून आलेला दगड आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा येऊन थांबायचा, मधल्या काळात तळी साचायची, झाडं वाढायची, मग पुन्हा लाव्हा यायचा. नागपूर-छिंदवाड्याकडे त्या मधल्या थरांत झाडं, फळं दगड होऊन राहिली आहेत. साहनींनी त्यांचाही अभ्यास केला होता. तिला सगळं कळलं असेल असं नाही. पण आपल्या दगडाची इथे कोणाला तरी ओळख आहे, एवढं नक्की कळलं.

दुसऱ्या दिवशी ती दगड शाळेत घेऊन गेली. मी अडवलं नाही. संध्याकाळी नेहमीचा प्रश्न विचारायच्या आतच ती सांगू लागली. कोणी हातात धरला, कोणी वास घेतला, आणि एका मुलीनं विचारलं, "ऐसा मेरे लिए भी लाओगी?"

मे महिन्यात पुष्पक एक्स्प्रेसनं गावी गेलो. येताना तिच्या बॅगेत दगड होते. अठरा. वर्गात प्रत्येकाला एक. ती बॅग लखनौ स्टेशनवर कोणी उचलली, हे वेगळं सांगायला नको.

तुम्ही येणार असाल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मुलांसाठी बरा. धुकं मात्र असतं. याच दिवसांत चौकात सकाळी 'मक्खन मलाई' मिळते, दुधाचा फेस, तोंडात घातला की नाहीसा होणारा. प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद असतं. कुकरैल आणि साहनी संस्थेच्या वेळांची आधी चौकशी करा. संस्थेत कामाच्या दिवशी जाणं चांगलं. जूनमध्ये आलात तर ऊन सोसावं लागेल, पण मलिहाबादचा दशहरी आंबा मिळेल. दिवसाला एकच ठिकाण ठेवा आणि घड्याळ खिशात ठेवा.

आणि मूल कठड्याशी थांबलं, तर थांबू द्या. ते कदाचित विचार करत असेल.