खारे वारे, मतलई वारे

आमच्या वर्धा जिल्ह्यांत पडणारें पावसाचें पाणी समुद्राला मिळतें खरें, पण तें मराठी माणसाच्या समुद्राला मिळत नाहीं. मुलताईला उगम पावलेली वर्धा जिल्ह्याच्या कडेकडेनें खालीं उतरते, वैनगंगेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरींत शिरते, आणि शेवटीं तें सारें पाणी पूर्वेकडे बंगालच्या उपसागरांत जातें. ज्या समुद्रावर आंग्र्यांचीं गलबतें फिरलीं तो पश्चिमेला, रेल्वेनें साडेसातशे किलोमीटरांवर. या दोहोंपैकीं एकाहि समुद्राशीं आमचा शेजारधर्म नाहीं. आमच्याकडचीं मुलें समुद्र शिकतात तो भूगोलाच्या पुस्तकांत. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येतात ते खारे वारे. रात्रीं जमिनीवरून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. हा प्रश्न मीं पाठ केला, माझ्या मुलांनीं केला, पुतणीनेंहि केला. पण त्यांतला एकहि वारा आमच्यापैकीं कोणाच्या गालाला लागलेला नव्हता.

माणसांच्या आधीं आमचा कापूस समुद्रावर गेला, ही एक गंमतच. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें असतां लँकेशायरच्या गिरण्यांनीं हिंदुस्थानच्या कापसाकडे धाव घेतली, आणि हिंगणघाटच्या मालाला भाव आला. १८६७ मध्यें रेल्वे नागपूरला पोंचली तेव्हां कापसाच्या गांठी थेट मुंबई बंदराला लागूं लागल्या. आम्ही मात्र स्टेशनावरून परतलों.

आमच्या घराण्याची गोष्ट तर आणखी चमत्कारिक आहे. कुलदैवत हरिहरेश्वर, तेथें प्रदक्षिणेच्या वाटेवर भरतीच्या लाटा खडकांवर फुटत असतात. म्हणजे मूळ पुरुष समुद्राच्या आवाजांत झोंपत असला पाहिजे. पण चार-पांच पिढ्या वऱ्हाड-नागपुराकडे काढल्यावर समुद्राची आठवण उरली ती एवढीच, कीं कलिवर्ज्यांत द्विजांना समुद्रयान निषिद्ध सांगितलें आहे. १८८३ मध्यें आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून आगबोटीनें अमेरिकेस वैद्यक शिकावयास निघाल्या तेव्हां केवढा गहजब झाला, हें सर्वांस ठाऊक आहे. आज आमच्याच घरांतले दोघे अमेरिकेंत आहेत. ते विमानानें जातात-येतात, आणि त्याला कोणी समुद्रोल्लंघन म्हणत नाहीं. निषेध होता तो पाण्याचा. हवेविषयीं शास्त्रकारांनीं कांहीं लिहून ठेवलेलें नाहीं!

असो. हें सारें आठवावयास कारण झाली ती माझी पुतणी. गेल्या श्रावणांत, बारावीचें वर्ष चालू असतां, तिनें ऐन पंक्तींत सांगितलें कीं मला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेला बसावयाचें आहे, आणि पसंती आरमाराला द्यावयाची आहे. खडकवासल्याचें हें दार मुलींना पूर्वीं बंदच होतें. २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यांना परीक्षेस बसूं द्यावें असा आदेश दिला, २०२२ मध्यें पहिल्या मुली दाखल झाल्या, आणि २०२५ च्या मे महिन्यांत त्यांतल्या सतरा जणी शिक्षण पुरें करून बाहेर पडल्या. पुतणीच्या टेबलावरच्या भिंतीला ‘तारिणी’ नौकेचें चित्र आहे. गोव्यांत बांधलेल्या त्या लहानशा शिडाच्या नौकेंतून आरमारांतल्या सहा स्त्रियांनीं २०१७-१८ मध्यें पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि २०२४-२५ मध्यें तीच नौका घेऊन दोघीच जणी पुन्हां जगाला वळसा घालून आल्या.

माझे बंधु स्वभावानुसार म्हणाले, “तुझ्या आईला विचार.” वहिनींचा नकार अडाणीपणाचा नव्हता. त्या गणित घेऊन बी. एस्‌सी. झालेल्या, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचणाऱ्या. त्यांनीं अभिलाष टॉमींचें उदाहरण काढलें. २०१८ मध्यें दक्षिण हिंदी महासागरांत वादळानें त्यांची डोलकाठी मोडली, पाठीला जबर इजा झाली, आणि सुटका होईपर्यंत त्यांना कित्येक दिवस तसेंच पडून राहावें लागलें. पुतणीचें उत्तर तयार होतें: तेच टॉमी त्याच शर्यतींत पुन्हां उतरले आणि २०२३ मध्यें दुसरे आले. “तें त्यांच्या आईला विचार,” वहिनी म्हणाल्या; आणि विषय तेथें थांबला. माई, म्हणजे माझ्या मातोश्री, वयानें ब्याऐंशींच्या. त्यांनीं आपल्या परीनें तडजोड सुचविली. “कांठ दिसत राहील इतकं लांब जायला हरकत नाही.”

माझा एक मावसभाऊ मुंबईस एका नौकाविहार-मंडळाचा सभासद आहे. अपोलो बंदरावर १८४६ सालापासूनचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब आहे, त्याच्या थाटाचें हें मंडळ नव्हे. शनिवार-रविवारीं शिडें उभारणाऱ्या हौशी लोकांचें तें. हिवाळ्यांत एके दिवशीं त्यांच्या सात-आठ नौका मिळून मांडव्याच्या उपसागरापर्यंत जातात आणि सांजेस परततात. त्यानें आम्हांस बोलाविलें. वहिनींनीं येण्याचें कबूल केलें तें मुलीला समुद्र ‘एकदां दाखवून टाकावा’ म्हणून. दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी, आवळासुपारी आणि मावसभावासाठीं गोरसपाकाचा डबा घेऊन आम्ही विदर्भ एक्सप्रेसनें निघालों.

निघण्याच्या दिवशीं पौष वद्य अष्टमी होती. सकाळीं साडेसातला आम्ही एका लहान होडींतून आमच्या नौकेवर चढलों. मंडळाचा जुना तांडेल, जातीचा कोळी, सोबत होता. वहिनींनीं सहज विचारलें कीं हाच दिवस कां निवडला. तो म्हणाला, “बाई, तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. आज अष्टमी, सहाला पाणी भरलं. आता बारापर्यंत ओहोटी आपल्याला बाहेर नेईल, आणि बारानंतर भरती परत आणील.” शिवाय अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेंत ओढतात म्हणून भरती मोठी, अष्टमीला ते काटकोनांत ओढतात म्हणून पाण्याला जोर कमी, आणि नवख्या माणसांना तो बरा. वहिनी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे एकादशीला सव्वाआठ.” तांडेलानें मान डोलावली. आमच्या घरीं पंचांग रोज निघतें. चतुर्थी केव्हां, एकादशी स्मार्त कीं भागवत, हें पाहण्यासाठीं. त्याच तिथींत समुद्राचें घड्याळ असावें, हें आमच्या चार पिढ्यांत कोणाला सुचलें नव्हतें. त्यानंतर वहिनी त्या म्हाताऱ्याच्या शेजारीं बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहींत.

वारा ईशान्येकडचा, हलका आणि गार, जमिनीवरून येणारा. “मतलई!” पुतणी ओरडली. पाठ केलेल्या शब्दाला अंग फुटलेलें पाहून मलाहि मौज वाटली. मांडवा अपोलो बंदराच्या दक्षिणेस, किंचित्‌ पूर्वेकडे, चौदा किलोमीटरांच्या आंतबाहेर. मतलई वारा तिकडे जातांना डाव्या बाजूनें, जरा मागून लागतो. नौकेला ही चाल फार सुखाची. यंत्र बंद केल्यावर जी शांतता पसरली तिचें वर्णन करण्याच्या भरीस मी पडत नाहीं. फक्त नाळेखालीं पाणी चिरल्याचा आवाज तेवढा होता, नवें लुगडें घडी मोडतांना होतो तसा.

अर्ध्या तासानें धुकें दाट झालें. मागें गेटवेची कमान गेली, पुढें डोंगर दिसेनासा झाला, घारापुरीचा पत्ता नाहीं. कोठूनसा एका मोठ्या जहाजाचा भोंगा वाजला आणि वहिनींनीं बसल्या जागीं फळी घट्ट धरली. माईंची अट येथें मोडली होती, हें माझ्या ध्यानांत आलें. पण मीं तोंड उघडलें नाहीं. थोड्या वेळानें वहिनींनींच विचारलें, “मुंबई कुठं आहे?” पुतणीनें होकायंत्राकडे पाहिलें, हात लांब केला आणि धुक्यांतल्या एका जागेकडे बोट दाखविलें. तेथें पांढऱ्या धुराखेरीज कांहीं नव्हतें. वहिनी बराच वेळ त्या बोटाच्या दिशेनें पाहत राहिल्या.

दहाच्या सुमारास धुकें विरलें आणि मांडवा समोर आला. नारळी-पोफळींची हिरवी पट्टी, तिच्यामागें कनकेश्वराचा डोंगर, आणि पुढें लांब धक्का. त्या धक्क्यावर आतां मोटारींसकट माणसें नेणारी रो-रो बोटहि लागते. २०२० पासून ती भाऊच्या धक्क्यावरून चालते. आम्ही ओहोटीच्या पाण्याचा अंदाज घेऊन किनाऱ्यापासून दूरच नांगर टाकला आणि दशम्या सोडल्या. ऊन स्वच्छ पडल्यावर मावसभावानें नैर्ऋत्येकडे दोन काळसर ठिपके दाखविले: खांदेरी आणि उंदेरी.

खांदेरीचा इतिहास मराठी मुलांना शिकवितात तो दोन ओळींत उरकतात, याचें मला वाईट वाटतें. १६७९ मध्यें शिवाजीमहाराजांनीं या खडकावर किल्ला बांधावयास घेतला. मुंबईच्या इंग्रजांच्या डोळ्यांत ती जागा खुपली, आणि त्यांनीं लढाऊ गलबतें पाठविलीं. त्यांचीं जहाजें मोठीं, तोफा जड. मायनाक भंडाऱ्याच्या माणसांजवळ होत्या त्या लहान, उथळ, वल्ह्यांवरहि चालणाऱ्या होड्या. परंतु मोठें जहाज वारा पडला कीं खिळून बसतें आणि उथळ पाण्यांत शिरत नाहीं. या होड्या रात्रींच्या रात्रीं रसद घेऊन बेटाला लागत. शेवटीं इंग्रजांना १६८० मध्यें समेट करून बाजूला व्हावें लागलें. २०२५ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारशांत घेतलेल्या बारा मराठी किल्ल्यांत खांदेरी आहे. यापुढची हकीकत मात्र आमच्या घरांतून फारशी सांगत नाहींत. १७५६ मध्यें विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचें आरमार जळालें तें इंग्रजांच्या तोफांनीं, पण इंग्रजांना तेथें बोलावून आणलें होतें नानासाहेब पेशव्यांनीं. तुळाजीचे अपराध होते, हें मान्य. पण घरांतला भाऊ उर्मट म्हणून घराचें दारच शेजाऱ्याच्या हवालीं करणें याला मुत्सद्देगिरी म्हणावयास माझी जीभ वळत नाहीं.

बाराच्या सुमारास वारा पार पडला. पाणी तेलासारखें स्वस्थ झालें, शिडें लोंबूं लागलीं. मतलई संपला होता आणि खारा सुरू व्हावयाचा होता. मुंबईच्या बाजूला पाण्यावर काळसर सुरकुत्या उमटल्या तेव्हां तांडेल उठून म्हणाला, “आला.” वायव्येचा खारा वारा आला, आणि त्याच्यासवें अडचणहि आली, कारण घर त्याच दिशेला. वाऱ्याच्या तोंडावर नौका चालेल कशी? मला वाटे कीं शीड म्हणजे वारा ढकलतो ती पाठ. मावसभावानें समजाविलें कीं शीड हें पांखराच्या पंखासारखें आहे. वारा त्याच्या दोन्ही अंगांनीं वाहतो तेव्हां नौका ओढली जाते, आणि पाण्याखालचा जड कणा तिला आडवी सरकूं देत नाहीं. तरीहि अगदीं समोरून येणाऱ्या वाऱ्यावर तिला जातां येत नाहीं. पंचेचाळीस अंशांचा कोन करून डावीकडे जावें, मग नाळ फिरवून उजवीकडे, मग पुन्हां डावीकडे; घाटांत गाडी चढते तशी. सरळ चौदा किलोमीटरांचे वीस झाले.

वारा वाढला तशी नौका एका कुशीवर कलली, आणि पुतणीचा चेहरा पांढरा पडला. आवळासुपारीचा कांहीं उपयोग झाला नाहीं. ती कठड्यावरून ओणवी होऊन दोनदां, तीनदां ओकली. वहिनींनीं एका हातानें तिचें कपाळ धरलें, दुसऱ्यानें कमरेचा पट्टा. मला वाटलें, झालें, प्रश्न परस्पर सुटला. मावसभाऊ मात्र हंसून म्हणाला कीं इंग्रजांचा नेल्सन जन्मभर समुद्र लागून हैराण होत असे, आणि ट्रॅफल्गार त्यानेंच जिंकलें. वहिनी हंसल्या नाहींत. पुतणीनें खाऱ्या पाण्यानें तोंड धुतलें, घोटभर गोडें पाणी घेतलें, आणि नाळ फिरविण्याची हांक आली तशी जाऊन आपली दोरी धरली. ती विहिरींत पोहावयास शिकली तेव्हां पाठीला वाळला भोपळा बांधून वर दोर धरणाऱ्या वहिनीच होत्या. या वेळीं दोर तिच्याच हातांत होता. पुढच्या फेरीला ती पुन्हां ओकली, आणि पुन्हां परत आली. वहिनींनीं तिला आंत येऊन बस असें एकदांहि म्हटलें नाहीं, हें मीं मनांत टिपून ठेवलें.

सांजावतांना अपोलो बंदराला लागलों. तांडेलाचा निरोप घेतांना वहिनींनीं त्याला एवढेंच विचारलें कीं अधिक मासांत तिथीचा हिशेब चुकतो का. तो म्हणाला, “चंद्राला अधिक मास नसतो, बाई.”

वर्ध्यास परतल्यावर माईंनीं पहिला प्रश्न केला, “कांठ दिसत होता ना सारा वेळ?”

“मधे अर्धा तास नव्हता दिसत,” वहिनी म्हणाल्या, आणि डबे घेऊन आंत गेल्या. माईंनीं माझ्याकडे पाहिलें. मीं वर्तमानपत्र उघडलें.

अर्जांचे दिवस अद्याप यावयाचे आहेत. परवां वहिनी पुतणीला फोटो काढून आण म्हणून सांगत होत्या, आणि माई देवघरांतून विचारीत होत्या कीं त्याला टिकली चालते का.