नाणी साताऱ्यात, वही न्यू जर्सीत

आमच्या घरच्या शिवराया, म्हणजे तांब्याची जुनी मराठा नाणी, भारताबाहेर आणता येत नाहीत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खाजगी माणसाला ते परदेशी नेता येत नाही. म्हणून आजोबांची तांब्याच्या नाण्यांची पिशवी साताऱ्यात दादाच्या कपाटात आहे आणि त्या नाण्यांचा नाद मात्र मला, न्यू जर्सीत. छंदाला लागणारी पुस्तकं, लिलावाच्या याद्या, ग्रंथालयं इकडे हाताशी आहेत. नाणी तेवढी नाहीत. मला यात फारसं वाईट वाटत नाही. नाणं हातात असलं की माणूस त्याच्याकडे नुसता बघत बसतो. नसलं की वजन विचारतो, कड विचारतो, दुसऱ्या उजेडातला फोटो मागतो.

शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र / पति’ असतं. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर सुरू झालेलं हे नाणं पेशवाईत पडत राहिलं आणि कंपनी सरकार आल्यावरही बाजारात चालत होतं. त्यावर सन नाही, टांकसाळीचं नाव नाही. कुठे ‘शिव’चं ‘सिव’ झालेलं, कुठे ‘पति’ दीर्घ झालेला. काहींवर दोन ओळींच्या मधे दुहेरी रेघ, ती दुदांडी. त्यामुळे एकटं नाणं वाचून काळ ठरत नाही. पुष्कळ नाणी शेजारी शेजारी ठेवून अक्षरांचं वळण, वजन, काठावरचे ठिपके पाहिले, तर काही म्हणता येतं. पूर्वी एवढी नाणी संग्रहालयाच्या खणातच एकत्र भेटायची, आता त्यांचे फोटो इंटरनेटवर भेटतात.

हे काम आपल्या आधी कुणी केलंय का, हे शोधताना जस्टिन अ‍ॅबट सापडले. अमेरिकन मराठी मिशनचे हे पाद्री. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात १९०० च्या सुमारास त्यांनी शिवराईवर लेख लिहिला. पंचवीस हजारांहून जास्त नाणी डोळ्यांखालून घालून त्यांनी दीडशेच्या आसपास प्रकार नोंदवले. बाजारात पैसा म्हणून फिरणारं नाणं, त्याकडे तेव्हा कोण बघणार? पुढे निवृत्त होऊन ते न्यू जर्सीतल्या समिट या गावी राहिले आणि १९२६ पासून तिथून महाराष्ट्रातल्या संतकवींची इंग्रजी भाषांतरं काढू लागले. १९३२ साली वारले. माझी कामावर जायची गाडी समिटवरूनच जाते. हे कळल्यावर काही दिवस मी त्या स्टेशनवर उगाच मान वळवून बघायची.

त्यांचा लेख असलेला खंड इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहे. पण ‘आहे’ आणि ‘सापडतो’ यांत बरंच अंतर पडतं. जुनी इंग्रजी पानं यंत्राने वाचली की मधली देवनागरी अक्षरं चिन्हांचा कचरा होऊन बसतात. ‘छत्रपति’ टाकून शोधलं तर काही मिळत नाही. रोमन अक्षरांत शोधायचं तर शिवराई, सिवराई, शिवाराय, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. शेवटी मी एक यादीच केली. नाणं, गाव, टांकसाळ यांची जेवढी रूपं वाचनात येतील तेवढी एका रकान्यात. चांदवडच्या टांकसाळीसाठी चांदोर, चांदोरे आणि नाण्यावरचं जाफराबाद, एवढं सगळं टाकून पाहावं लागतं. नवीन काही शोधायचं झालं की आधी ही यादी उघडते. माझ्या सगळ्या खटाटोपात याच कागदाने जास्तीत जास्त वेळ वाचवला आहे.

इंटरनेटवरच्या बाकी ठिकाणांचा स्वभाव हळूहळू कळत गेला. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठामार्फत चालणारं न्यूमन न्यूमिस्मॅटिक पोर्टल हा मोठा खजिना. एरिक न्यूमन नावाचे संग्राहक एकशे सहा वर्षं जगले आणि त्यांच्या संग्रहाच्या विक्रीतून आलेल्या पैशावर ते उभं राहिलं. पण त्याचा जीव अमेरिकन नाण्यांत. मराठा नाणी तिथे जुन्या लिलावांच्या याद्यांत, दोन ओळींपुरती भेटतात. झेनो हे पौर्वात्य नाण्यांचं संकेतस्थळ माझ्या कामाला खरं उपयोगी. तिथे प्रत्येक फोटोला स्वतःचा क्रमांक असतो, तो वहीत उतरवला की पुन्हा तिथेच पोचता येतं. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या मँटिस या सूचीत क्रमांकाचा पहिला भाग म्हणजे नाणं दाखल झाल्याचं साल, त्यामुळे ते संग्रहात कधी आलं हे लगेच कळतं. लिलावांच्या शोधयंत्रांवर वर्गणीशिवाय मर्यादितच दिसतं. कुठे गेल्या काही महिन्यांपुरतं, कुठे किंमत झाकलेली. किंमत मला नकोच असते, वजन हवं असतं, आणि नेमकं तेच बरेचदा दिलेलं नसतं.

सगळंच पडद्यावर मिळतं असंही नाही. माहेश्वरी आणि विगिन्स यांचं मराठा टांकसाळींवरचं १९८९ चं पुस्तक, जे नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेने काढलं, त्यासाठी मी न्यूयॉर्कला अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या ग्रंथालयात आगाऊ वेळ घेऊन गेले. ही सोसायटी १८५८ ची. मॅनहटनमधल्या वाचनालयात बसून वाफगाव, चांदवड, बागलकोट अशी नावं वाचताना गंमत वाटली. पुस्तक निघालं ती अंजनेरी साताऱ्याहून कितीतरी जवळ, आणि मी ते इथे वाचत होते.

वहीचं म्हणाल तर ती वही नाही, तक्ता आहे. घरच्या प्रत्येक नाण्याला एक ओळ. वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे छाप एकमेकांशी किती फिरलेले आहेत, असे रकाने. त्यानंतरचे तीन रकाने मी कधीही एकत्र करत नाही: काय दिसतं, मला काय वाटतं, आणि कोण काय म्हणतं. ‘काय दिसतं’मध्ये फक्त अक्षरं. ‘श’ अर्धा कापला गेला असेल तर तो अर्धाच लिहायचा, मनाने पूर्ण करायचा नाही. ‘कोण म्हणतं’मध्ये पान किंवा क्रमांक आणि मी ते पाहिलं ती तारीख. विक्रेत्यांची पानं लिलाव उरकला की गायब होतात, म्हणून प्रत्येक दुवा आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही जतन करते. असे तीन रकाने हवेतच, कारण बाजारातली यच्चयावत शिवराई ‘शिवाजी महाराजांच्या काळातली’ असते. त्या नावाने भाव येतो. शिवकालीन मानलेलं नाणं साधारण ११ ते १३ ग्रॅम भरतं. त्याहून बऱ्याच हलक्या, ढोबळ अक्षरांच्या नाण्याखाली महाराजांचं नाव लिहिलेलं मी कितीदा पाहिलं असेल. ही विशेषणं ‘कोण म्हणतं’च्या पलीकडे येऊ दिली नाहीत, म्हणून तक्ता आजही विश्वास ठेवण्याजोगा आहे.

साताऱ्याकडचं खातं दादा सांभाळतो. सुरुवातीला त्याने नाणी चिंच-मिठाने घासायचा बेत केला होता. “अगं, अक्षरं स्पष्ट दिसतील,” म्हणाला. फोनवरूनच थांबवला. तांब्यावर चढलेला काळपट थर गेला की अक्षराची कडही झिजते आणि नाणं उघडं पडतं. आता तो नाणं खिडकीशी ठेवतो, उजेड एका बाजूने पडू देतो, फ्लॅश मारत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला की त्याचा बारकावा मरतो, तेव्हा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला त्याला शिकवलं. वजन ओळखीच्या सराफाच्या काट्यावर, नाणं आणि काट्यावरचा आकडा एकाच फोटोत. फाइलच्या नावात आधी नाण्याचा आमचा क्रमांक, मग बाजू, मग तारीख वर्षापासून उलटी, म्हणजे संगणक आपोआप क्रमाने लावतो.

काही फोटो झेनोवर टाकावेत असं मी म्हटलं तेव्हा दादा बिथरला. “घरात काय आहे ते जगाला कशाला सांगायचं?” त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. फोनने काढलेल्या फोटोत जागेची नोंद लपलेली असू शकते, म्हणजे घराचा पत्ताच. ती नोंद काढून टाकायची, गाव लिहायचं नाही, आडनाव लिहायचं नाही, एवढ्यावर समझोता झाला. दुसऱ्यांच्या फोटोंवर मी इतकं उभं केलं, तर चार फोटो आपले असावेत, हे त्यालाही पटलं असावं. तसं बोलला मात्र नाही.

पिशवीतलं एक नाणं अजून कुठल्याच ओळीत बसत नाही. ‘छत्र’खाली ‘पति’ऐवजी काय आहे ते तीन वेगवेगळ्या उजेडांतही कळेना, म्हणून ‘काय दिसतं’मध्ये दोन उभ्या रेघा आणि एक टिंब एवढंच लिहिलंय. दादाला ते ‘पत’ वाटतं. त्याचं नाव घालून मी ते तिसऱ्या रकान्यात टाकलं. उरलेल्या नाण्यांची वजनं त्याने दिवाळीनंतरवर ढकलली आहेत, तोवर सराफाचा काटा मोकळा नसतो.