रद्दीवाला रविवारी येणार आहे

शहाड,
गुरुवार, रात्र

चि. सोनूस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, बाबांच्या वह्या ठेवून करायचंय काय? फोटो काढून घे आणि दे रद्दीत." मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला. मला फोनवर भांडता येत नाही. तुझ्या बाबांशीही मी जन्मभर समोरासमोर बसूनच भांडले. म्हणून हे पत्र. ते छापायलाही देणार आहे, कारण अशी गाठोडी शहाडमध्ये आपल्याच माळ्यावर असतील असं मला वाटत नाही. रागावू नकोस, तुझं खरं नाव घातलेलं नाही.

वह्या एकोणीस आहेत. आज दुपारी जमिनीवर मांडून मोजल्या. सात डायऱ्या युनियनच्या, दर दिवाळीला मिळायच्या त्या. एक हजेरीपट, कोरा, कुठून आणला ते दादालाच ठाऊक. बाकीच्या लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांब वह्या. त्यातल्या चार आता वही म्हणून उघडत नाहीत, विटेसारख्या उघडतात. तू तेव्हा हॉस्टेलवर होतीस. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी घरात आली, तेव्हा वहिनीने सिलिंडर आणि तांदळाचा डबा वर टाकला आणि दादा वह्या वर देत बसला. "आधी गाद्या!" म्हणून वहिनी ओरडत होती. गाद्या गेल्याच, आणि चार वह्याही गेल्या. पाणी उतरल्यावर कळलं की शाईपेनाने लिहिलेलं सगळं निळं पाणी झालंय आणि बॉलपेनाचं जसंच्या तसं आहे. मी पानं सुटी केली, दोरीवर चिमटे लावून वाळवली, मग वर्तमानपत्रात घालून एकेक पान इस्त्रीखाली घेतलं. इस्त्री जरा जास्त तापली की पान पिवळं पडे. एका पानावर इस्त्रीच्या टोकाचा त्रिकोण अजून आहे.

दादा खाटेवर बसून बघत होता. म्हणाला, "तुकोबांच्या वह्या तेरा दिवस पाण्यात होत्या. आपल्या दोनच." आषाढीला रात्रपाळी करून घरी न येता थेट बिर्ला मंदिरात विठ्ठलाच्या रांगेत उभा राहणारा माणूस तो. त्याला असा विनोद करायचा हक्क होता.

त्या गोष्टीची जुळी गोष्ट मात्र आम्हाला रुळांपलीकडे मिळाली. लाल पुठ्ठ्याच्या त्या वह्या दादा उल्हासनगरच्या कॅम्प एकमधून आणायचा. दुकानातले सिंधी आजोबा फाळणीत कराचीहून आलेले. १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळण्याआधी या भागाला कल्याण कॅम्प म्हणत, तेव्हा सैनिकांच्या रिकाम्या बराकींत ज्यांनी चूल मांडली त्या पिढीतले. गल्ल्यामागे फळीवर त्यांचा एक ग्रंथ कापडात गुंडाळून ठेवलेला असे. शाह जो रिसालो. शाह अब्दुल लतीफ म्हणजे सिंधचे तुकाराम म्हण, जरी ते तुकोबांनंतर झाले. १६८९ ते १७५२. सिंधी हिंदूही त्यांना तितकंच आपलं मानतात.

दादाने त्यांना इंद्रायणीची गोष्ट सांगितली. आजोबांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, आमच्या शाहसाहेबांनी तर आपलं काव्य आपल्याच हाताने तलावात टाकलं. लोकांना अर्थ कळणार नाही, ते भलत्या वाटेला लागतील, अशी त्यांना धास्ती होती म्हणे. शिष्य रडायला लागले. तेव्हा माई नियामत नावाची एक शिष्या पुढे आली. तिला बहुतेक सगळं तोंडपाठ होतं. ती म्हणत गेली आणि बाकीच्यांनी उतरवून घेतलं. आख्यायिकाच ही, पण तुकोबांची तरी कागदोपत्री कुठे आहे? कुणाची गोष्ट जास्त खरी यावर दोघांनी चहाचे दोन कटिंग संपवले. मी ओट्यावर पिशव्या सांभाळत बसले होते. मला माई नियामतची पटली. पाण्याने वही परत केली यात चमत्कार आहे, पण एका बाईने ती डोक्यात ठेवली यात मेहनत आहे. आपल्याकडेही अभंग लोकांच्या तोंडी होते म्हणूनच गाथा तरली असं म्हणणारे पुष्कळ आहेत. चाकणच्या संताजी जगनाड्यांनी अभंग लिहून ठेवले हे तर वारकरी सांगतातच. तेलाचा धंदा करणारा माणूस. दिवसभर घाणा आणि मग बोरू.

छापण्याची पाळी आली तेव्हाची गंमत बघ. रिसालो पहिल्यांदा छापला गेला तो जर्मनीत, लाइपझिगला, १८६६ साली, अर्न्स्ट ट्रुम्प नावाच्या मिशनऱ्याने. तुकोबांची गाथा विष्णुशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादित केली आणि १८७३ पर्यंत ती पुरी झाली. मुंबई सरकारने तिला चोवीस हजार रुपये दिले. त्या काळचे चोवीस हजार! पण संपादकांपुढे ठेवायला देहू, तळेगाव, पंढरपूरच्या पोथ्या होत्या म्हणून. दोनशे वर्षं कुणीतरी त्या फडक्यात बांधून, उंदीर-वाळवीपासून जपून, पोराच्या हाती देऊन गेलं. पंडितांची नावं मुखपृष्ठावर आली. फडकी बांधणाऱ्यांची कुणालाच माहीत नाहीत.

तीस वर्षं मी वर्गात लेखकांचे परिचय शिकवले. जन्म अमुक, मृत्यू तमुक, ग्रंथसंपदा, पुरस्कार, रिकाम्या जागा भरा. एकदाही मुलांना विचारलं नाही की हे कागद कुणी जपले? आता वाटतं, परीक्षेला तोच प्रश्न द्यायला हवा होता. बहिणाबाईंचंच घे. बाईंना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, चुलीपुढे बसून ओव्या म्हणायच्या. सोपानदेवांनी, म्हणजे त्यांच्या मुलाने, कानावर पडलं तसं टिपून ठेवलं. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. मग ते कागद सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ साली पुस्तक आलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. सोपानदेव स्वतः कवी होते, आणि आईच्या कविता पुढे आल्या तर आपल्या मागे पडतील हे त्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही. त्या माणसाबद्दल मला बहिणाबाईंइतकाच आदर आहे. शेतात म्हटल्या आणि वाऱ्यावर गेल्या त्या ओव्या किती, तेही मनात येतंच.

केशवसुतांचं तर विचारूच नकोस. १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले. हयातीत एक संग्रह नाही. ह. ना. आपट्यांनी १९१७ साली कविता एकत्र काढल्या, तोवर बारा वर्षं गेली होती. लक्ष्मीबाई टिळकांनी तर राखणदाराची पायरीच ओलांडली. रेव्हरंड टिळक ख्रिस्तायनाचे दहा-अकरा अध्याय लिहून १९१९ साली गेले आणि पुढचे ६४ अध्याय बाईंनी रचले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईंनी. तुझ्याकडून एवढी अपेक्षा नाही.

इंग्रजीच्या आमच्या बाईंनी मला निवृत्तीनंतर एमिली डिकिन्सन वाचायला दिली. अमेरिकेतली, अ‍ॅमहर्स्ट गावची. १८८६ मध्ये गेली तेव्हा तिच्या जेमतेम दहा कविता छापून आल्या होत्या. धाकटी बहीण लव्हिनिया खोली आवरायला गेली आणि कपाटात, पेटीत कविताच कविता. जवळजवळ अठराशे. बऱ्याच कविता पानं दुमडून सुईदोऱ्याने शिवलेल्या, हाताने बांधलेल्या चाळीस चोपड्या. लव्हिनियाने बहिणीची पत्रं जाळली, कारण तसं सांगून ठेवलं होतं. चोपड्यांबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं, म्हणून त्या ठेवल्या. अशी आज्ञाधारक बहीण मला फार आवडली. पण १८९० साली पुस्तक काढणाऱ्यांनी विरामचिन्हं बदलली, यमकं घासूनपुसून घेतली, शीर्षकं चिकटवली. मूळ होतं तसं वाचायला लोकांना १९५५ उजाडलं. हे मी तुला मुद्दाम सांगतेय. दादाचं शुद्धलेखन अगाध आहे. तुझा हात शिवशिवेल. लावू नकोस.

आणि हो, तुझा दुसरा मुद्दा. पहिल्याच वहीच्या पहिल्या पानावर दादाने लिहून ठेवलंय, "ही वही कुणी वाचू नये." तू म्हणालीस, मग तीच त्यांची इच्छा. काफ्काने मॅक्स ब्रोड या मित्राला सगळं जाळायला सांगितलं होतं. ब्रोडने त्याला तोंडावर सांगितलं होतं की मी जाळणार नाही, तरी काम त्याच्याच गळ्यात घातलं. १९२४ साली काफ्का गेला आणि पुढच्याच वर्षी ब्रोडने 'द ट्रायल' छापली. जाळायचंच असतं तर माणूस दुसरा मित्र शोधतो. दादाचं ते पान उलटून बघ. मागे अनुक्रमणिका आहे. पानांचे आकडे घातलेत, शीर्षकांखाली पट्टीने रेघा ओढल्यात. कुणी वाचू नये असं वाटणारा माणूस अनुक्रमणिका करत नाही गं.

आता खरं बोलते. दादा काफ्का नव्हता आणि केशवसुतही नव्हता. एकोणीस वह्यांतलं निम्मं अगदी सुमार आहे. शिवजयंतीचे पोवाडे, सोसायटीच्या सत्यनारायणाची आमंत्रणं पद्यात, भावकीतल्या लग्नांची मंगलाष्टकं. 'मंगल' ला 'जंगल' जुळवलेलं मी स्वतः पाहिलंय. दोन वह्या भरून ज्या चांगल्या कविता आहेत त्या नारायण सुर्व्यांच्या. कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयातून पुस्तक आणायचं आणि परत करायच्या आत उतरवून काढायचं, अशी त्याची रीत. १८६४ पासून चाललेलं ते वाचनालय, त्याची वर्गणी दादाने घरभाड्याच्याही आधी भरली असेल. सुर्वे रस्त्यावर सापडलेलं पोर, गिरणी कामगाराने वाढवलेलं. स्वतः गिरणीत राबले, पालिकेच्या शाळेत शिपाई होते, पुढे तिथेच शिक्षक झाले, आणि १९९५ ला परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. रात्रपाळीच्या माणसाला ते आपले वाटले यात नवल काय? पण कवितेखाली कवीचं नाव घालायची सवय दादाला नव्हती. वह्या तू एकटीने वाचल्यास तर बाबांना थोर कवी ठरवून मोकळी होशील. म्हणून मी हवी शेजारी.

तरीही अकरा पानं आहेत. मी खुणा घातल्यात. ती कविता नाहीत, नोंदी आहेत, पाळीवरून आल्यावर चहा होईपर्यंत लिहिलेल्या. एक अशी: "पहाटे साडेपाच. फाटकाशी मी आणि दूधवाला. त्याची पाळी सुरू, माझी संपली. दोघांनी हात केला." एवढंच. तारीख नाही. मंगलाष्टकांच्या ढिगाऱ्यात ही चार वाक्यं शोधायला मला तीन दुपारी लागल्या, आणि फोटोंच्या त्या मोबाइलात ती तुला कधीच सापडली नसती.

कॅम्प एकमधले आजोबा गेले. रिसालो अरबी वळणाच्या सिंधी लिपीत होता. त्यांच्या नातवंडांना ती वाचता येत नाही, हे ते स्वतःच हसत हसत सांगायचे. हसणं कसलं ते! दुकान आता मोबाइलचं आहे. त्या ग्रंथाचं काय झालं ते विचारायला मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा रिचार्ज मारून परत आले. विचारायचं धैर्य झालं नाही. आपल्याकडे पणजोबांचे मोडीतले कागद आहेत, ते तरी आपल्यात कुणाला लागतात? तुझा लेक मला मराठीत मेसेज करतो तो इंग्रजी अक्षरांत. टोमणा नाही मारत. फक्त म्हणतेय की त्याला दादाचं अक्षर वाचून दाखवणारं माणूस अजून या घरात आहे, आणि आपली ही बिल्डिंग पाडायला तीन महिने आहेत.

तेव्हा शनिवारी ये. कसारा किंवा आसनगाव लोकल पकड, टिटवाळाही चालेल, कल्याणला उतरून रिक्षावाल्याशी वाद घालत बसू नकोस. येताना टिपकागद आणि सुती फडकं आण. प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत, आत घाम धरतो. रद्दीवाल्याला मी रविवारी बोलावलंय. वर्तमानपत्रं तो नेईल. मंगलाष्टकं नेऊ द्यायची का, ते दोघी मिळून ठरवू. माझा कल त्याला देण्याकडे आहे.

एक पान मात्र मला ठरवता येत नाही. तेच, इस्त्रीच्या त्रिकोणाचं. वर एका कवितेची पहिली ओळ लिहून खोडली आहे. खाली लिहिलंय: दळण, रॉकेल, वहिनीचं औषध, सोनूचे बूट. आणि बुटापुढे नंबर लिहायचा राहिलाय, म्हणून कागदावर तुझा पाय ठेवून पेन्सिलने रेघ फिरवली आहे. पेन्सिल पाण्याने गेली नाही. त्रिकोण बरोबर टाचेवर आला आहे.

तुझी,
आत्या